एनएमएमएस परीक्षा

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती योजनेची, आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी होणारी स्पर्धा परीक्षा. महाराष्ट्रात ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलेच बसू शकतात. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय व नवोदय विद्यालये वगळलेली आहेत. पालकांच्या उत्पन्नालाही मर्यादा असते.

पेपर दोन, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटे. शालेय क्षमता चाचणी पाठ्यपुस्तकातली. खरी कसोटी बौद्धिक क्षमता चाचणीची: ३, ७, १५, ३१ नंतर काय, आरशात आकृती कशी दिसेल, असले प्रश्न. उत्तर येऊनही ओएमआर पत्रिकेवर भलतेच वर्तुळ काळे झाले की गुण गेला. दोन्ही पेपर मिळून ४० टक्के (अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना ३२) मिळाले की विद्यार्थी पात्र ठरतो. पण पात्र म्हणजे निवडलेला नव्हे. गावाकडे पेढे बहुधा इथेच घाईने वाटले जातात. निवड जिल्हानिहाय कोट्यातून, गुणवत्तेनुसार होते. त्यामुळे कन्नड किंवा पैठणच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलीची स्पर्धा पुण्याशी नसून छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्याच मुलांशी असते. प्रश्नपत्रिका उर्दूतही मिळते, हे छत्रपती संभाजीनगर शहरात महत्त्वाचे.

निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. २०१७ पूर्वी ६,००० मिळत.