पुरुषाची छाती, लाज आणि वण : एका शस्त्रक्रियेचा तेराशे वर्षांचा प्रवास

मराठीत अब्रू गेली की 'नाक कापले गेले' असे म्हणतात. एकेकाळी हे शब्दशः घडत असे. १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. पुढे पुण्याजवळ कुंभार जातीच्या एका वैद्याने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन'मध्ये सचित्र छापली गेली. इतिहासाच्या वाचकांना ती बहुधा ठाऊक असते.

या धाग्यात त्याच कुळातल्या, पण ज्याविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नाही अशा शस्त्रक्रियेचा मागोवा घ्यायचा आहे : पुरुषाच्या वाढलेल्या स्तनांची शस्त्रक्रिया. कावसजीप्रमाणेच इथेही रुग्ण वैद्याकडे येतो तो बहुधा वेदनेने नव्हे, लोकांच्या नजरेने घायाळ होऊन.

या अवस्थेला 'गायनेकोमास्टिया' हे ग्रीक नाव इ. स. च्या दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेनपासून चालत आले आहे. 'स्त्रीसारखी छाती' हा त्याचा सरळ अर्थ. म्हणजे नावातच टोमणा आहे. शस्त्रक्रियेचे तपशीलवार वर्णन मात्र सातव्या शतकात अलेक्झांड्रियात वैद्यकी करणाऱ्या एजिनाच्या पॉलने केले. त्याच्या सात खंडांच्या ग्रंथातील सहावा खंड शल्यकर्माचा आहे. वयात येताना मुलींप्रमाणे मुलांचेही स्तन किंचित फुगतात आणि बहुतेक मुलांत ते आपोआप ओसरतात, हे त्याने अचूक टिपले. ज्यांचे ओसरत नाहीत त्यांच्यावर बायकीपणाचा ठपका येतो, म्हणून शस्त्रक्रिया करावी, असे तो म्हणतो. कारण म्हणून रोगाचे नव्हे, ठपक्याचे नाव एका वैद्याने इतक्या स्पष्टपणे लिहून ठेवावे, हे मला विलक्षण वाटते.

कृती अशी : स्तनाखाली चंद्रकोरीच्या आकाराचा छेद घ्यावा, कातडी सोडवावी, आतील चरबी काढावी आणि टाके घालावेत. स्तन लोंबत असेल तर टोकांशी मिळणाऱ्या दोन कोरी काढून मधली कातडीही काढावी. कमी काढले गेले असेल तर पुन्हा काढावे. हे सारे भुलीविना! इ. स. १००० च्या सुमारास स्पेनमधील कॉर्डोबाच्या अल-झहरावीने हीच पद्धत आपल्या 'किताब अल-तसरीफ'मध्ये अरबीत मांडली.

आता कोकणात येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिनशा माणेकजी पेटीट यांच्या देणगीतून रत्नागिरीत महारोग्यांसाठी रुग्णालय उभे राहिले. महारोगाचा आणि या विषयाचा संबंध काय, असे कोणी विचारील. महारोगाच्या जंतूंना शरीराचे थंड भाग मानवतात : नाक, कान, बोटे आणि पुरुषाचे वृषण. वृषण झिजले की पुरुषी संप्रेरक घटते, स्त्री-संप्रेरकाचे पारडे जड होते आणि स्तन वाढू लागतात. झडलेली बोटे आणि बसलेले नाक सर्वांना दिसे. सदऱ्याआडची ही खूण मात्र रुग्णाला एकट्यालाच सोसावी लागे. विसाव्या शतकाच्या मध्यास डॅप्सोन आले आणि रोग आवरू लागला. पण एकदा वाढलेली छाती औषधाने मागे हटत नाही. रोग गेला, तरी ओळख उरली.

ती ओळख पुसण्याचे काम महाराष्ट्रात ज्यांनी उचलले त्यांत डॉ. नोशिर अँटिया हे मोठे नाव. इंग्लंडमध्ये सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून आलेल्या या शल्यविशारदाने पुण्याच्या कोंढव्यात आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात महारोग्यांची नाके, चेहरे व हात पुन्हा घडवले. पुढे अलिबागजवळच्या मांडव्यात त्यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. बऱ्या झालेल्या महारोग्याच्या पुनर्वसनाच्या शल्यशास्त्रात चेहऱ्या-हातांबरोबर पुरुषांच्या स्तनांची शस्त्रक्रियाही येते. 'सौंदर्यासाठी केलेली चैन' म्हणून तिला नाक मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या महायुद्धाने आणखी एक चमत्कारिक पुरावा दिला. जपानी छावण्यांतून सुटलेल्या उपाशी युद्धकैद्यांना पोटभर अन्न मिळू लागले, तेव्हा त्यांतील अनेकांचे स्तन फुगले. ही वाढ लठ्ठपणाची वा दुबळ्या पौरुषाची खूण नसून संप्रेरकांच्या हेलकाव्याचा परिणाम असते, हे त्यातून दिसले.

पॉलनंतर शल्यविशारदांची मुख्य धडपड वण लपवण्याची होती. १९४६ मध्ये अमेरिकेतील जेरोम वेब्स्टर यांनी स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेने अर्धवर्तुळाकार छेद प्रसिद्ध केला. दोन रंगांच्या सीमेवर वण मिसळून जातो. १९७० च्या दशकात चरबी शोषून घेणारी नळी आली. चंद्रकोर नाहीशी झाली नाही. ती स्तनाखालून सरकून वर्तुळाच्या कडेवर बसली.

आज असा रुग्ण डॉक्टरांकडे गेला की आधी कारण शोधले जाते : चालू औषधे, व्यायामशाळेत घेतलेली स्टेरॉइड्स, यकृत, थायरॉइड, वृषण. एकाच बाजूला कठीण गाठ असेल तर कर्करोग नाही ना, हे पाहावेच लागते. किशोरवयीन मुलाला बहुधा दोनेक वर्षे थांबायला सांगतात. पॉलचे निरीक्षण अजून टिकून आहे. निव्वळ चरबी असेल तर वजन उतरवून फरक पडतो. चकतीसारखी घट्ट ग्रंथी व्यायामाने विरघळत नाही.

शस्त्रक्रिया साधारण एक-दोन तासांची असते. भूल दिली जाते, बारीक छिद्रांतून चरबी शोषतात, वर्तुळाच्या कडेने ग्रंथी काढतात आणि ती तपासणीला धाडतात. बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. कधी स्राव वाहून जाण्यासाठी एक-दोन दिवस नळी ठेवतात. छाती आवळणारे घट्ट बनियन काही आठवडे अंगावर वागवावे लागते. रत्नागिरीच्या दमट उकाड्यात ते कसे वाटत असेल हे सांगायला नको. शक्य असल्यास हिवाळा निवडावा. जड उचलणे काही आठवडे बंद. धूम्रपान आधीपासूनच सोडावे लागते, कारण त्याने जखम नीट भरत नाही.

पहिल्या आठवड्यातील सूज व काळेनिळेपणा पाहून धीर सोडू नये. खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी दिसतो, आणि वण फिकट व्हायला वर्षभर लागते. स्तनाग्राची संवेदना काही काळ, क्वचित कायमची, कमी होते. आत रक्त साठणे ही नेहमीच्या गुंतागुंतींपैकी एक. छाती एका बाजूने एकाएकी फुगून ठणकू लागली तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतीलच असे नाही. कातडी फार सैल असेल तर पॉलच्या दुहेरी कोरींसारखा मोठा छेद आजही लागतो.

एका बाबतीत मात्र पॉलपेक्षा वेगळा सावधपणा आला आहे. कमी निघाले तर पुन्हा काढा, एवढेच तो सांगतो. जास्त निघाले तर स्तनाग्र बशीसारखे आत खचते आणि ते दुरुस्त करणे अवघड जाते. म्हणून आजचे शल्यविशारद वर्तुळाखाली ग्रंथीची एक पातळ चकती मुद्दाम शिल्लक ठेवतात.