भाडेकरूच्या बाजूने कोण उभे राहणार? : न्यूयॉर्कमधील बेदखली-प्रतिबंधक साहाय्याचा इतिहास

प्रास्ताविक

गरीब भाडेकरूला घराबाहेर काढले जाण्यापासून वाचवायचे तर तीन गोष्टी लागतात. त्याचे रक्षण करणारा कायदा, त्या कायद्याचा आधार घेऊन न्यायालयात बोलणारा माणूस, आणि थकलेले भाडे भरण्यापुरता तातडीचा पैसा. यातली पहिली गोष्ट सरकारला एका ठरावाने करता येते. उरलेल्या दोन गोष्टींसाठी दरवर्षी अंदाजपत्रकात तरतूद लागते. म्हणून कायदे झाले तरी माणसे रस्त्यावर येत राहिली. न्यूयॉर्क शहराच्या शंभर वर्षांच्या अनुभवातून हा मुद्दा फार स्पष्ट होतो. प्रस्तुत लेखात त्या अनुभवाचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

कायदा आला, वकील आला नाही

पहिल्या महायुद्धाच्या काळात घरबांधणी थंडावली आणि शहरांतील भाडी भडकली. मुंबईत १९१८ साली भाड्यावर युद्धकालीन निर्बंध घालणारा कायदा झाला. न्यूयॉर्कमध्ये १९१८ ते १९२० या काळात ज्यू आणि इतर स्थलांतरित कामगारांच्या वस्त्यांत भाडेबंदीचे संप झाले. त्यांच्या दबावाखाली राज्य विधिमंडळाने एप्रिल १९२० मध्ये तातडीचे भाडेकायदे संमत केले. भाडे अन्यायकारक व जुलमी आहे, असा बचाव आता भाडेकरूला न्यायालयात मांडता येऊ लागला. १९२१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे कायदे वैध ठरवले.

परंतु बचाव मांडण्याचा हक्क मिळणे आणि तो प्रत्यक्ष मांडता येणे यांत अंतर असते. १९३० नंतरच्या महामंदीत हे अंतर उघडे पडले. बेकारांच्या संघटना बाहेर फेकलेले सामान उचलून पुन्हा घरात नेऊन ठेवत. ही शेजारधर्माची मदत होती. तिला ना कायद्याचे बळ होते, ना कायमचा निधी.

वकिलाची मदत देणारी संस्था शहरात नव्हती असे नाही. जर्मन स्थलांतरितांनी आपल्या देशबांधवांसाठी १८७६ साली एक संस्था सुरू केली होती. तीच पुढे ‘लीगल एड सोसायटी’ म्हणून सर्वांसाठी खुली झाली. मात्र देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेच्या आवाक्याला मर्यादा होती. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘गिडियन’ खटल्यात गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील देणे बंधनकारक केले, पण ते फौजदारी खटल्यांपुरतेच. घर जाणे ही दिवाणी बाब मानली गेल्यामुळे भाडेकरू या हक्काबाहेरच राहिला.

१९७३ साली न्यूयॉर्कमध्ये स्वतंत्र गृहनिर्माण न्यायालय सुरू झाले. घरमालकांकडून दुरुस्त्या करून घेणे हा त्यामागचा एक मुख्य हेतू होता. प्रत्यक्षात तेथे थकबाकीच्या आणि घर खाली करण्याच्या दाव्यांचीच गर्दी झाली. १९७४ साली दिवाणी विधिसाहाय्यासाठी केंद्रीय महामंडळ स्थापन झाले, तरी त्याचा निधी राजकारणावर हेलकावे खात राहिला. १९८२ साली त्यात सुमारे एक चतुर्थांश कपात झाली. १९९६ साली पुन्हा मोठी कपात झाली आणि सामूहिक दावे चालवण्यावर बंदीही आली. परिणामी गृहनिर्माण न्यायालयात बहुतेक घरमालकांच्या बाजूने वकील असे, तर भाडेकरू मार्गिकेतच समोरच्या वकिलाशी तडजोड करून, न समजलेल्या कागदावर सही करून परते.

पुरावा आणि पैसा

नव्वदच्या दशकात मॅनहॅटनच्या गृहनिर्माण न्यायालयात एक प्रयोग झाला. गरीब भाडेकरूंचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करून एका गटाला वकील देऊ करण्यात आला. २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वकील नसलेल्यांपैकी सुमारे ५१ टक्क्यांच्या विरोधात निकाल गेला. वकील मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. भाडेकरूंची बाजू कमकुवत असते म्हणून ते हरतात, हा समज या प्रयोगाने खोडून काढला.

दुसरा प्रयोग अधिक अस्वस्थ करणारा आहे. २००४ साली शहराने ‘होमबेस’ ही योजना सुरू केली. घर जाण्याच्या बेतात असलेल्या कुटुंबाला भाड्याची मदत, घरमालकाशी मध्यस्थी आणि सल्ला असे तिचे स्वरूप होते. २०१० मध्ये परिणाम मोजण्यासाठी काही पात्र कुटुंबांना मुद्दाम या मदतीपासून दूर ठेवण्यात आले, आणि त्यावर मोठी टीका झाली. २०१३ च्या अहवालानुसार, योजनेबाहेर ठेवलेल्या कुटुंबांपैकी १४.५ टक्के कुटुंबांना निवारागृहात राहावे लागले. मदत मिळालेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. आकडे योजनेच्या बाजूने गेले. तथापि पुरावा मिळवण्यासाठी गरजूला नाकारावे का, हा नैतिक प्रश्न त्यामुळे मिटत नाही. समाजशास्त्राच्या वर्गात तो अवश्य चर्चेला घ्यावा असा आहे.

यानंतरची लढाई अंदाजपत्रकाची होती. ब्रॉन्क्समधील भाडेकरू संघटनांनी वकील मिळण्याचा हक्क मागितला. २०१६ साली शहराच्या वकील संघटनेसाठी तयार झालेल्या अहवालाने खर्चाचा हिशेब मांडला. वकिलांवर वर्षाला १९.९ कोटी डॉलर खर्च होतील, परंतु निवारागृहे इत्यादींवरील खर्च वाचून शहराला निव्वळ ३२ कोटी डॉलरचा फायदा होईल, असा त्याचा अंदाज होता. करुणेच्या युक्तिवादाला जे साधले नव्हते ते जमाखर्चाने साधले. ११ ऑगस्ट २०१७ रोजी महापौर बिल डी ब्लासिओ यांनी या कायद्यावर सही केली. गरिबीरेषेच्या दुप्पट उत्पन्नापर्यंतच्या भाडेकरूला बेदखलीच्या दाव्यात मोफत वकील देणारे न्यूयॉर्क हे अमेरिकेतील पहिले शहर ठरले.

हक्काची कसोटी

कोविडच्या काळात केंद्र सरकारने डिसेंबर २०२० आणि मार्च २०२१ च्या कायद्यांनी भाडेसाहाय्यासाठी एकूण सुमारे ४,६५५ कोटी डॉलर दिले. त्यातला काही भाग सल्ला, मध्यस्थी आणि वकिली मदतीवर खर्च करण्याचीही मुभा होती. मात्र हा निधी एकदाच मिळाला. १५ जानेवारी २०२२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बेदखलीवरील स्थगिती संपली, दाव्यांची रीघ लागली आणि विधिसाहाय्य संस्थांचे वकील अपुरे पडले. काही संस्थांना नवे दावे घेणे थांबवावे लागले. पात्र भाडेकरू वकिलाविनाच न्यायाधीशांसमोर उभे राहू लागले. हक्क कायद्यात कायम होता, पण तो बजावायला माणसे नव्हती.

समारोप : आपल्यासाठी काय?

हा इतिहास दूरचा असला तरी प्रश्न दूरचा नाही. बेळगाव असो, हैदराबाद असो वा इंदूर, आपल्या महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थी भाड्याच्या खोलीतून येतात. वर्षाच्या मध्यात घर बदलले की हजेरी तुटते आणि पुष्कळदा शिक्षणही तुटते.

आपल्याकडे भाडेनियंत्रणाचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. मात्र विधिसाहाय्याच्या बाबतीत आपला कायदा अमेरिकेपेक्षा उदार आहे. राज्यघटनेतील ३९-अ हे कलम १९७६ साली आले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या १२ व्या कलमानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न न पाहता, दिवाणी दाव्यातही मोफत वकील मागता येतो. ही गोष्ट किती विद्यार्थिनींच्या आईंना ठाऊक आहे? तालुका आणि जिल्हा प्राधिकरणाचा पत्ता महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावायला काहीच खर्च येत नाही.

पैशाबद्दलही एक विचार मांडावासा वाटतो. कुरआनच्या सूरह तौबामध्ये (आयत ६०) जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत कर्जात बुडालेल्यांचाही समावेश आहे. थकलेल्या भाड्याने ग्रासलेल्या कुटुंबाला या दृष्टीने पाहता येईल का, याचा विचार उलेमा आणि शिक्षणसंस्था यांनी एकत्र बसून करावा. रमजानमधील एकदाची मदत मोलाची आहेच. पण घर खाली करण्याची नोटीस महिना पाहून येत नाही. हक्क टिकतो तो वर्षभर चालू राहणाऱ्या निधीवर, हाच न्यूयॉर्कच्या अनुभवाचा निष्कर्ष आहे.