टायर सदोष असल्याचा संशय आला तर

नवा टायर बसवून आठवडाही उलटलेला नसतो आणि ताशी चाळीसच्या वेगाला हँडल थरथरू लागते. दुकानात जाऊन सांगावे तर उत्तर मिळते, ‘चार दिवस चालवून बघा, बसेल आपोआप.’ वाहनधारक परततो व गाडी चालवत राहतो. महिनाभराने टायरच्या बाजूला फुगवटा दिसू लागल्यावर तो पुन्हा दुकानाची पायरी चढतो, तेव्हा त्याच तोंडून ऐकू येते, ‘खड्ड्यात आपटला असेल.’ ही दोन्ही उत्तरे कधी खरी असतात, कधी नसतात. खरे-खोटे ठरवण्यासाठी लागणारा पुरावा मात्र त्या महिनाभरात झिजून गेलेला असतो.

दुचाकीचा रस्त्याशी संबंध येतो तो जेमतेम दोन तळव्यांएवढ्या जागेतून. चोर्ला किंवा अनमोडच्या घाटात, भर पावसात, वळणावर पुढचा टायर दगा देतो तेव्हा सावरायला तिसरे चाक नसते. त्यामुळे टायरविषयीच्या संशयाची परीक्षा रस्त्यावर घेणे हा सर्वांत महागडा मार्ग होय. संशय आला त्याच दिवशी गाडी थांबवणे, टायर आहे त्या स्थितीत जपणे आणि तक्रार लेखी देणे, या तीन गोष्टी या क्रमाने केल्यास जीवही सुरक्षित राहतो आणि हक्कही.

टायरवर कोरलेली माहिती

प्रत्येक टायरच्या बाजूवर त्याची ओळख कोरलेली असते. उदाहरणार्थ, १००/९०-१७ ५५पी. यातील १०० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ९० म्हणजे रुंदीच्या तुलनेत उंचीची टक्केवारी आणि १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ५५ हा भारांक असून त्याचा अर्थ त्या टायरने जास्तीत जास्त २१८ किलो भार पेलावा असा होतो. ‘पी’ हे अक्षर ताशी १५० किलोमीटरची वेगमर्यादा दाखवते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा कमी भारांकाचा टायर बसवला गेला असेल, तर पुढे उद्भवणारा बिघाड उत्पादनाचा दोष ठरत नाही. दुकानदाराने चुकीचा टायर दिला, अशी ती स्वतंत्र तक्रार ठरते.

लंबगोलात कोरलेले चार अंक उत्पादनाचा काळ सांगतात. २३२५ याचा अर्थ २०२५ सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे साधारणतः जूनचा प्रारंभ. नवा म्हणून विकला जाणारा टायर प्रत्यक्षात किती काळ गोदामात पडून होता, हे या अंकांवरून कळते. म्हणून ते टायर बसवण्यापूर्वीच वाचावेत. दुचाकीच्या टायरसाठी भारतीय मानक आयएस १५६२७ लागू आहे. टायरवर आयएसआय चिन्ह व परवाना क्रमांक असतो आणि तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर पडताळून पाहता येतो. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असल्यास तो चाकाच्या गतीशी जुळतो की नाही, हेही पाहावे.

जे दोष वाटते, पण नसते

नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने पहिले शे-दीडशे किलोमीटर पकड थोडी कमी जाणवते. त्यावरचे रबराचे केस साच्यातील हवा बाहेर पडण्याच्या छिद्रांमुळे आलेले असतात. बाजूवरचा रंगीत ठिपका सहसा टायरचा सर्वांत हलका भाग दाखवतो आणि तो व्हॉल्व्हसमोर ठेवून टायर बसवतात. यांपैकी काहीही दोषात मोडत नाही.

झिजेचा आकृतिबंधही बोलका असतो. टायर मधोमध झिजला असेल, तर हवा जास्त भरली जात असावी. दोन्ही कडांना झिजला असेल, तर कमी. जागोजागी खळगे पडले असतील, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बेअरिंग किंवा चाकाचा तोल तपासावा. हवेचा दाब टायर थंड असताना, गाडीवरील स्टिकरमध्ये दिलेल्या आकड्याप्रमाणे असावा. पंपावरचा मुलगा ‘किती टाकू?’ असे विचारतो, तेव्हा पुढच्या व मागच्या चाकाचे आकडे वेगवेगळे असू शकतात, याचे भान ठेवावे.

गाडी थांबवावी अशी लक्षणे

बाजूच्या भिंतीवर आलेला फुगवटा हे सर्वांत गंभीर लक्षण. आतील धागे तुटले किंवा त्यांचा जोड सुटला, की हवा रबराला बाहेर ढकलते. असा टायर कोणत्याही क्षणी फुटू शकतो. नक्षीचा एखादा भाग उंच उठलेला दिसणे आणि चाकाच्या प्रत्येक फेरीला ‘धप्प’ असा ठोका जाणवणे, हे नक्षीचा थर खालच्या थरापासून सुटत असल्याचे चिन्ह आहे. भेगांमधून धागा दिसणे, कडेजवळ रबर फाटणे, ट्यूबलेस टायरच्या भिंतीतूनच हवा झिरपणे, ही त्याच वर्गातील लक्षणे. यांपैकी एकही दिसल्यास दुकानापर्यंतदेखील गाडी चालवत नेऊ नये. चाक काढून न्यावे किंवा गाडी टेम्पोत घालावी.

चालत्या गाडीचा टायर फुटलाच, तर हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरावे, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडावा, ब्रेक एकदम दाबू नये. ब्रेक लावावा लागलाच, तर शाबूत असलेल्या चाकाचा आणि तोही हलक्या हाताने लावावा.

दोष टायरचा की रिमचा?

नव्या टायरविषयीच्या अनेक तक्रारींचे मूळ तो नीट न बसण्यात असते. टायरच्या बाजूवर, रिमच्या काठाजवळ एक बारीक उंचवट्याची रेघ असते. तिचे रिमपासूनचे अंतर सर्वत्र सारखे हवे. एखाद्या ठिकाणी ती आत दडली असेल, तर टायरची कड रिमवर पुरती चढलेली नाही. हवा सोडून, कडेला साबणपाणी लावून टायर पुन्हा बसवल्यावर ही थरथर बहुधा जाते.

तरीही ती कायम राहिल्यास गाडी मेन स्टँडवर लावावी, नक्षीजवळ एखादी काडी स्थिर धरावी आणि चाक हाताने सावकाश फिरवावे. काडी व टायर यांतील फट कुठे कमी-जास्त होते, तेथे खडूने खूण करावी. मग तीच परीक्षा रिमच्या काठाशी करावी. यानंतरची कसोटी गॅरेजवाल्याकडून करून घ्यावी. त्याने टायर रिमवर अर्ध्या फेरीने सरकवून पुन्हा बसवावा. वर-खाली होणारा भाग टायरबरोबर सरकला, तर दोष टायरचा. तो रिमवर होता तेथेच राहिला, तर रिमचा. अर्ध्या तासाच्या या कामाने पुष्कळ वाद दुकानातच मिटतात. मात्र फुगवटा किंवा नक्षी सुटल्याचे लक्षण असेल, तर ही कसोटी करू नये. तेथे टायर जसा आहे तसाच ठेवणे महत्त्वाचे.

पुरावा कसा जपावा

टायर कंपनीचा तपासनीस काय पाहतो, हे ठाऊक असल्यास आपण काय जपावे ते कळते. रिमवर त्याच जागी पोचा आहे का, टायरच्या आत धागे आघाताने तुटले आहेत का, हवा नसताना गाडी चालवल्याने आत रबराची भुकटी पडली आहे का, पूर्वी कोठे पंक्चर काढले आहे का, हे तो पाहतो. यांपैकी काही आढळल्यास दावा फेटाळला जातो. म्हणून संशयित टायर कापू नये, त्यावर पॅच मारू नये, धुऊन-घासून चकचकीत करू नये. टायर काढताना व्हॉल्व्हसमोरची जागा आणि फिरण्याची दिशा खडूने नोंदवावी. ट्यूब असल्यास तीही टायरसोबत ठेवावी. रिम वापरात राहणार असेल, तर तिची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत.

संपूर्ण टायर, अनुक्रमांक, उत्पादनाचे चार अंक, आयएसआय चिन्ह, मोजपट्टी शेजारी ठेवून टिपलेला दोष आणि किलोमीटरचा आकडा, यांची छायाचित्रे त्याच दिवशी काढावीत. बिलावर टायरचा अनुक्रमांक लिहून घेण्याची सवय खरेदीच्या वेळीच लावावी. बिल नाकारणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. विकलेला सदोष माल बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील त्याच कायद्याने अनुचित प्रथा ठरवली आहे. म्हणूनच ‘चार दिवस चालवून बघा’ या सल्ल्यात निघून जाणारे दिवस मोलाचे असतात.

हमीचा दावा

नव्या गाडीसोबत आलेल्या टायरची हमी बहुधा गाडीची कंपनी देत नाही, टायरची कंपनी देते. त्यामुळे शोरूमने हात वर केले तरी मार्ग खुंटत नाही. टायर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे दावा नोंदवावा. टायर हवाली करताना अनुक्रमांक, दिनांक, दोषाचे वर्णन व शिल्लक नक्षीची खोली नमूद असलेली पोचपावती घ्यावी. पावतीवाचून दिलेला टायर ‘हरवला’, तर दावाही हरवतो.

दोष मान्य झाल्यास बहुतेक वेळा झिजेच्या प्रमाणात भरपाई मिळते. समजा, नव्या टायरची नक्षी सहा मिलिमीटर खोल होती आणि साडेचार शिल्लक आहे. तर चतुर्थांश वापर झाला, असे धरून तेवढी रक्कम ग्राहकाकडून घेऊन नवा टायर दिला जातो. नेमके सूत्र हमीपत्रात असते, ते आधी वाचावे. केंद्रीय मोटार वाहन नियम ९४ नुसार दुचाकीच्या नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. झिजेची ही सीमा दाखवणारे उंचवटे नक्षीच्या खाचांत असतात. तेथवर झिजलेल्या टायरवर हमीचा दावा टिकत नाही. दावा फेटाळल्यास कारण लेखी मागावे. ‘वापरातील दोष’ एवढे दोन शब्द पुरेसे नाहीत. कोणत्या खुणेवरून हा निष्कर्ष काढला, ते विचारावे.

दाद कोठे मागावी

पहिली पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तेथे समेट न झाल्यास उत्तर किंवा दक्षिण गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ग्राहक जेथे राहतो वा काम करतो, तेथील आयोगात तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय परराज्यात असले तरी बिघडत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीवर शुल्क नाही आणि वकील देणे बंधनकारक नाही. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

दोष प्रयोगशाळेवाचून ठरणार नसेल, तर कलम ३८ प्रमाणे आयोग टायर मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. अहवाल पंचेचाळीस दिवसांत अपेक्षित असतो. चाचणीचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागते. रबराची चाचणी करणारी संशोधन संस्था शेजारच्या महाराष्ट्रात ठाणे येथे आहे. टायर परस्पर कापून घेतलेल्या खासगी अहवालावर समोरचा पक्ष हरकत घेऊ शकतो. म्हणून टायर अखंड ठेवून आयोगामार्फत चाचणी मागणे श्रेयस्कर.

गोव्यातील एका मोठ्या वर्गाला भेडसावणाऱ्या शंकेचेही उत्तर येथे द्यायला हवे. मोटरसायकल पायलट, पहाटे पाव घेऊन निघणारा पोदेर, दुचाकीवरून मासे विकणारा विक्रेता, घरपोच सेवा देणारा तरुण यांची गाडी धंद्यासाठी असते. मग ते ‘ग्राहक’ ठरतात का? स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वापरलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूच्या व्याख्येतून वगळली आहे. हे सारे ग्राहकच होत.

अपघात झाला असल्यास

टायरमुळे इजा झाली, तर प्रश्न टायरच्या किमतीपुरता राहत नाही. त्याच कायद्याच्या कलम ८२ ते ८७ मध्ये उत्पादनाच्या दोषामुळे झालेल्या शारीरिक वा मालमत्तेच्या हानीची भरपाई उत्पादकाकडून मागण्याची तरतूद आहे. अशा वेळी पंचनाम्यात टायरची स्थिती व अनुक्रमांक नोंदवला जाईल, याचा आग्रह जखमीच्या नातेवाइकांनी धरावा आणि गाडी सोडवून आणल्यावर तो टायर भंगारात जाऊ देऊ नये. विम्याविषयी एक खुलासा आवश्यक आहे. केवळ टायर खराब झाल्यास नेहमीची पॉलिसी भरपाई देत नाही. त्याच वेळी गाडीचेही नुकसान झाले असेल, तर टायरच्या किमतीचा निम्मा भाग मिळतो.

एकाच प्रकारच्या अनेक गाड्यांत तोच दोष आढळल्यास प्रश्न सार्वजनिक होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ नुसार केंद्र सरकार अशा गाड्या परत बोलावण्याचा आदेश उत्पादकाला देऊ शकते, आणि दोष गाडीच्या सुट्या भागात असेल तरीही ही तरतूद लागू होते. त्यासाठी मालकांनी दोषाची नोंद केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर करावी. गुपचूप टायर बदलून मोकळे होणारा माणूस स्वतःपुरता सुटतो; नोंदलेली तक्रार त्याच टायरवर उद्या बसणाऱ्या अनोळखी माणसालाही उपयोगी पडते.