ऑनलाईन पदवीची फी: एकरकमी, हप्त्यानं की कर्ज काढून?

घरची अडचण आली, कराडला किंवा मिरजेला नोकरी धरली आणि बीकॉमचं शेवटचं वर्ष राहून गेलं. असा एक तरी मित्र प्रत्येकाला असतो. आता पदवी ऑनलाईन पूर्ण करता येते. पण फी कशी भरायची? सातारा-सांगलीकरांसमोर मुख्यतः चार मार्ग आहेत.

1. वर्षाची फी वर्षाला
नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, इग्नू आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं दूरस्थ व ऑनलाईन शिक्षण केंद्र हे सरकारी पर्याय. इथं फी वर्षाला किंवा सत्राला भरायची असते. मध्येच शिक्षण थांबलं, तर पुढच्या वर्षाचे पैसे तरी अडकत नाहीत.

2. एकरकमी
काही खासगी विद्यापीठं पूर्ण फी एकदम भरल्यास सूट देतात. पण शिक्षण सोडलं तर परतावा किती, हे आधी लेखी घ्या.

3. 'नो कॉस्ट ईएमआय'
खरी गोम इथं आहे. समजा फी 60,000 रुपये, एकरकमी भरल्यास 54,000. हप्ता 5,000, बारा महिने. वर 2 टक्के प्रोसेसिंग फी आणि त्यावर जीएसटी, म्हणजे 1,416 रुपये. एकूण 61,416. म्हणजे 7,416 रुपये जास्त. व्याजदर काढला तर वर्षाला सुमारे 25 टक्के!

शिवाय हा हप्ता बहुतेक वेळा फायनान्स कंपनीचं कर्ज असतो. तुम्ही कॉलेज सोडलं म्हणून तो आपोआप थांबत नाही. हप्ते चुकले की सिबिल स्कोअर पडतो आणि उद्या गाडीचं किंवा घराचं कर्ज अडतं.

4. बँकेचं शैक्षणिक कर्ज
4 लाखांपर्यंत तारण लागत नाही. परतफेड सहसा अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरानं सुरू होते, पण व्याज मधल्या काळातही चढतं. जुन्या करप्रणालीत व्याजावर सवलत मिळते. मात्र ऑनलाईन पदवीला प्रत्येक बँक कर्ज देईलच असं नाही. प्रवेशाआधी शाखेत विचारा.

सही करण्याआधी तीन गोष्टी
- अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे युजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाईटवर तपासा.
- जुन्या वर्षांचे क्रेडिट धरले जातील का, हे विद्यापीठाला विचारा. एक वर्ष वाचलं तर तीच सगळ्यात मोठी सूट.
- कर्ज असेल तर 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. सगळे खर्च धरून वार्षिक दर किती, हे त्यात लिहिलेलं असतं.

थोडक्यात, महिन्याचा हप्ता बघून ठरवू नका. शेवटी खिशातून एकूण किती जाणार, ते बघा.