चेपलेला बोरू : मसीहाची सौम्यता आणि पंडिता रमाबाईंचे ख्रिस्तदर्शन

प्रस्तावना

‘मसीहा’ हा मुळात हिब्रू शब्द, तर ‘ख्रिस्त’ हे त्याचेच ग्रीक रूपांतर. दोहोंचा अर्थ एकच : तेलाने अभिषेक झालेला. प्राचीन इस्राएलात अभिषेक प्रामुख्याने राजाला व महायाजकाला होई. त्यामुळे येणाऱ्या अभिषिक्ताच्या अपेक्षेत राजसत्ता आणि शस्त्रबळ यांची कल्पना सहजच मिसळली. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपी याने यरुशलेम जिंकले. त्या अपमानाचे पडसाद ‘शलमोनाची स्तोत्रे’ या यहुदी संग्रहात उमटलेले आहेत. त्यातील सतराव्या स्तोत्रातला मसीहा लोखंडी दंडाने पाप्यांचा गर्व कुंभाराच्या मडक्यासारखा फोडणारा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाने याच अपेक्षेसमोर अगदी वेगळा मसीहा उभा केला. प्रस्तुत लेखात त्या मसीहाच्या सौम्यतेचे स्वरूप पाहून एका मराठी विदुषीने ती कशी वाचली आणि संस्थारूपाने कशी आचरणात आणली, याचा विचार केला आहे.

बोरू आणि वात

मत्तयाच्या बाराव्या अध्यायातील प्रसंग संघर्षाचा आहे. शब्बाथाच्या दिवशी येशू एका वाळलेल्या हाताच्या माणसाला बरे करतो आणि परुशी त्याच्या नाशाची मसलत करतात. येशू प्रतिकार न करता तेथून निघून जातो, मागे आलेल्या रुग्णांना बरे करतो आणि याचा गाजावाजा करू नका, असे बजावतो. याच ठिकाणी मत्तय यशयाच्या ४२व्या अध्यायातील सेवकगीत उद्धृत करतो. हे गीत बाबिलोनच्या बंदिवासातले, म्हणजे इ.स.पू. सहाव्या शतकातले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. देवाचा हा सेवक रस्त्यात आरडाओरडा करीत नाही. चेपलेला बोरू तो मोडत नाही आणि धुमसती वात विझवीत नाही.

बोरूने लिहिलेल्या पिढ्यांना या प्रतिमेचा अर्थ सांगावा लागला नसता. नदीकाठी बोरू हवे तितके मिळत. चिरलेला बोरू कोणी सांधत बसत नसे. तो टाकून दुसरा तासणे सोपे होते. वातीचेही तेच. धूर करणारी वात चिमटीने विझवून नवी लावणे ही रोजची गोष्ट. गीताचा सेवक मात्र टाकून देण्याजोगे टाकत नाही. येथे हिब्रू शब्दयोजना लक्षणीय आहे. बोरूच्या चेपण्यासाठी आणि वातीच्या मंदावण्यासाठी जे धातू योजले आहेत, तेच पुढच्या चरणात सेवकाबद्दल नकारार्थी येतात : पृथ्वीवर न्याय स्थापन होईपर्यंत तो स्वतः मंदावणार नाही, चेपला जाणार नाही. सौम्यता आणि न्याय येथे एकाच कार्याची दोन अंगे आहेत. म्हणूनच दुर्बळांशी मृदू असणारा येशू त्यांच्यावर ओझी लादणाऱ्यांशी अत्यंत कठोर बोलतो. लोकप्रिय चित्रांतील कोकरू घेतलेला येशू पाहून ही बाजू सहसा विसरली जाते.

शुभवर्तमानांतील प्रसंग या सौम्यतेची रीत दाखवतात. मार्कच्या पाचव्या अध्यायातील स्त्रीला बारा वर्षे रक्तस्राव होत होता; वैद्यांवर तिचे सर्व धन खर्च झाले होते. धर्मनियमांनुसार तिचा स्पर्शही विटाळाचा. ती गर्दीत मागून येऊन वस्त्राला हात लावते. येशू थांबतो, तिचे सर्व म्हणणे ऐकून घेतो आणि तिला मुलगी म्हणून संबोधतो. यरीहोच्या वाटेवरील बार्तीमय या आंधळ्या भिकाऱ्याला लोक गप्प बसवू पाहतात. येशू त्याला बोलावतो आणि त्याची गरज उघड दिसत असूनही, तुला काय हवे, हे त्यालाच विचारतो.

फुलहॅम, १८८३

पंडिता रमाबाईंचा (१८५८–१९२२) ख्रिस्ताशी परिचय या प्रसंगांच्या वाटेनेच झाला, तत्त्वज्ञानाच्या वाटेने नव्हे. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या पुराणे सांगत देशभर फिरलेली. आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळाच्या वणवणीत गेली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. त्यानंतर १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाले. शास्त्रांच्या अध्ययनात त्यांना एक गोष्ट पुनःपुन्हा आढळली होती. ग्रंथांचे परस्परांत कितीही मतभेद असोत, स्त्रीजातीच्या दोषांविषयी त्यांचे एकमत होते.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला वाँटेज येथील भगिनीसंघाकडे गेल्या. या संघाचे लंडनमधील फुलहॅम येथे ‘पतित’ म्हटल्या गेलेल्या स्त्रियांसाठी काम चाले. पूर्वी अशाच आश्रयाला आलेल्या काही स्त्रिया आता आजारी व अपंगांची शुश्रूषा करीत होत्या, हे पाहून रमाबाई चकित झाल्या. अशा स्त्रीला शासन करावे हे त्यांनी वाचले होते. तिला सावरावे, हे त्यांना नवीन होते. भगिनींनी कारण विचारल्यावर योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगितली. याकोबाच्या विहिरीवर भरदुपारी एकटी आलेली, परक्या व हीन मानलेल्या समाजाची, पाच पती झालेली ही स्त्री. तिच्याकडे येशू पाणी मागतो आणि उपासनेच्या गहन प्रश्नावर तिच्याशी चर्चा करतो. १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी हा प्रसंग निर्णायक म्हणून नोंदविला आहे. वेदाधिकार नाकारलेल्या विधवेला या कथेत दयेहून अधिक काही दिसले असावे : पतित स्त्रीशी केलेला धर्मसंवाद. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही चर्चच्या अधिकाराशी त्यांचे जमले नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात मुकाट्याने मान्य करण्यास नकार देणारी त्यांची बुद्धी पानोपानी दिसते.

शारदा सदन ते केडगाव

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले आणि पुढच्या वर्षी पुण्यास हलविलेले शारदा सदन हे विधवांसाठी होते. तेथे धर्मशिक्षण सक्तीचे नव्हते. मुलींना आपापले जातिनियम पाळता येत. मात्र रमाबाईंच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली तेथे येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, न्या. रानडे व डॉ. भांडारकर हे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या.

या वादाचा निकाल लावण्याची घाई इतिहासकाराने करू नये. आश्रय देणाऱ्या स्त्रीचे उघडे दार निराधार मुलीला तटस्थ वाटेल काय, हा टीकाकारांचा प्रश्न पोकळ नव्हता. परंतु त्या मुलींना तोपर्यंत दुसरे कोणते दार उघडे होते, याचे उत्तर टीकाकारांजवळही नव्हते. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिंदूच राहिली आणि त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला, ही नोंदही दोन्ही पक्षांनी विसरण्याजोगी नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळाने कामाचे स्वरूप पालटले. स्वतः दुष्काळातून वाचलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली-स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना ठेवता येईना. मग पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावच्या शेतजमिनीवर हे कुटुंब वसले आणि तेथेच १८९८ मध्ये ‘मुक्ति’ उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. सौम्यता येथे रोजच्या कष्टाची बाब बनली. उपासाने व रोगाने खंगलेली, भीतीने अन्न लपविणारी मुले सांभाळायची होती. पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. अंधांसाठीच्या सदनाला मार्कच्या शुभवर्तमानातील त्या भिकाऱ्याची आठवण देणारे ‘बार्तिमी’ हे नाव मिळाले. रमाबाईंची कन्या मनोरमा हिने तेथे ब्रेल लिपी शिकविली. या स्त्रियांना केवळ पोसले गेले नाही. शेती, विणकाम, छपाई अशी कामे त्यांच्या हाती आली. येथे मात्र धर्म ऐच्छिक पार्श्वभूमीला उरला नव्हता. मुक्ति ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती, आणि उपाशी मुलीच्या निवडीला किती अर्थ असतो, हा १८९३ चा प्रश्न तेथे अधिक तीव्रतेने लागू होतो.

उत्तरायुष्यात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा साध्या बाईला पेलत नाही, अशी त्यांची तक्रार होती. यशयाचे सेवकगीत अशा रीतीने अखेर मूळ भाषेतून त्यांच्यासमोर आले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी स्वतः रमाबाई गेल्या. भाषांतराचे काम तोवर हातावेगळे झाले होते. मुक्तीच्या छापखान्यात, तेथल्या स्त्रियांच्या हातून छापले गेलेले हे बायबल १९२४ मध्ये पूर्ण झाले.