चुंगशानचे सुवर्णांकित पशु

इसवी सनापूर्वींच्या चवथ्या शतकांत चीनमधील बलाढ्य राज्यें परस्परांशीं झुंजत असतां, चाओ आणि येन यांच्या कचाट्यांत चुंगशान नांवाचें एक लहानसें राज्य नांदत होतें. तें स्थापणारे 'श्वेत ती' लोक उत्तरेकडील. शेजारी त्यांस रानटी समजत. त्या लोकांचें कलाकौशल्य केवढें होतें, हें जगाला १९७४ ते १९७८ या काळांत कळलें. हपै प्रांतांतील पिंगशान येथें त्स्वो राजाची समाधि उकरण्यांत आली. मुख्य दालन पूर्वींच लुटलें गेलें होतें. परंतु बाजूच्या कोठ्या शाबूत होत्या.

त्यांतून सोन्यारुप्यानें मढविलेले कांशाचे पशु बाहेर आले. कांशांतील खाचांत सोन्याची वा रुप्याची तार अगर पत्रा ठोकून बसवावयाचा आणि पृष्ठभाग घासून सपाट करावयाचा, अशी ही कृति. पंख असलेल्या श्वापदांच्या अंगावर त्या रेषा लोटेसारख्या फिरल्या आहेत. एका चौरंगाचें कडें चार हरणें पाठीवर तोलून धरतात. त्यावर चार सपक्ष ड्रॅगन व चार दिव्य पक्षी एकमेकांत गुंतले आहेत. वरची लांकडी फळी मात्र कुजून गेली. दुसरी एक वस्तु म्हणजे पडद्याची बैठक. तींत वाघानें हरिण तोंडांत धरलें आहे. त्याचा पुढचा उजवा पंजा भक्ष्य पकडण्यांत गुंतल्यामुळें त्या बाजूचा तोल हरणाच्याच पायावर सांवरला आहे!

याच समाधींतील लोखंडी पायांच्या एका कांस्यपात्रावर ४६९ अक्षरांचा लेख आहे. येन राज्याची आपल्या मंत्र्याच्या हातून झालेली दुर्दशा सांगून, शत्रु चोहोंकडे आहेत, हें विसरूं नको, असा इशारा राजानें त्यांत वारसास दिला आहे. तो इशारा निष्फळ ठरला. इ. स. पूर्व २९६ मध्यें चाओनें चुंगशान गिळंकृत केलें.

समाधींत कांशाचा एक पत्राहि मिळाला. त्यावर सोन्यारुप्याच्या रेषांनीं राजघराण्याच्या नियोजित समाधिस्थानाचा आराखडा काढलेला असून, ही आज्ञा मोडणाऱ्यास देहदंड सांगितला आहे. आराखड्यांत समाधिमंदिरें पांच आहेत. प्रत्यक्षांत दोनच उठलीं. उरलेल्या तिहींसाठीं राज्यच उरलें नाहीं. त्यांच्या सोन्याच्या रेषा मात्र त्या पत्र्यावर अजून स्पष्ट आहेत.