खाऊ कुणाच्या हातचा? परभणीकडच्या लेकरांच्या खाण्याचा थोडा इतिहास



आयोजकांनी विषय दिला तो असा: ‘खायला त्रास देणाऱ्या लहान मुलांसाठी घरगुती खाऊ’. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हा विषय कशाला, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. पण आम्ही आयुष्यभर वर्गात ‘इच्छा’ या शब्दावर बोललो, आणि आमचं मत असं झालंय की, दीड-दोन वर्षांचं लेकरू तोंड घट्ट मिटून मान फिरवतं तेव्हा इच्छा म्हणजे काय हे जितकं स्वच्छ दिसतं तितकं ते ग्रंथात दिसत नाही. त्याला अजून बोलता येत नाही, चालताना पडतं, पण ‘नको’ म्हणता येतं. त्याच्या हातात तेवढी एकच सत्ता असते.

पाककृती सांगायला आम्ही आलेलो नाही. ओघात एक-दोन येतील, त्या ज्यांना हव्यात त्यांनी लिहून घ्याव्यात. आज बघायचंय ते वेगळं. लेकरू खात नाही ही तक्रार जुनी आहे का? आणि जुनी असेल, तर आपल्या भागातली माणसं तिच्यावर काय करत होती?

तक्रार जुनीच आहे. नामदेवांची गोष्ट तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. नर्सी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १ मे १९९९ पर्यंत हिंगोली परभणीतच होती, तेव्हा गोष्ट आपल्याच घरची. लहानग्या नाम्याला नैवेद्य घेऊन पाठवतात, आणि विठ्ठल काही खाईना. मग पोरगं विनवतं, रडतं, डोकं आपटून घेईन म्हणतं, तेव्हा कुठं देव जेवतो. ही कथा म्हणजे ऐतिहासिक पुरावा नव्हे. पण ज्या समाजानं ती रचली आणि शतकानुशतकं सांगितली, त्याला खाण्यासाठी विनवण्या करणं चांगलंच परिचयाचं असणार. एरवी घरोघरी जे आई करते ते इथं लेकरू करतंय, आणि लेकराच्या जागी देव बसलाय. म्हणून तर ती गोष्ट ऐकताना बायका हसतात.

आता ‘खाऊ’ या शब्दाकडे या. जेवण आणि खाऊ यांत आपली भाषा फरक करते. जेवणाला वेळ असते, खाऊला निमित्त लागतं. कुणी बाजारातून आलं, कुणी माहेराहून आलं, सण आला, पाऊस लागून राहिला. जेवण ताटात वाढतात, खाऊ हातावर ठेवतात. हातावर ठेवलेला पदार्थ खायचा, टाकायचा की बहिणीला द्यायचा, हे ते लेकरू ठरवतं. वाढलेलं मात्र संपवावं लागतं. आमच्या मते खाऊची निम्मी जादू इथंच आहे.

परभणीकडच्या घरात हा खाऊ कशाचा असायचा? मुख्यतः ज्वारीचा. गोदावरी-पूर्णेच्या खोऱ्यातली ही काळी जमीन, रब्बीची टपोरी ज्वारी, तेच रोजचं अन्न. गहू सणाला, तांदूळ पाहुण्याला. म्हणजे लेकरानं नाकारायचं ते ज्वारीला, आणि त्याला पुन्हा द्यायची तीही ज्वारीच. दुसरं धान्य आणायला पैसा नव्हता, मग त्याच धान्याचं रूप पालटायचं. थापून झाल्यावर परातीत उरलेल्या पिठाची तळहाताएवढी भाकरी व्हायची, ती चानकी. मोठ्यांच्या भाकरीला हात न लावणारं पोर चानकी घेऊन अंगणभर हिंडत खायचं, कारण ती ‘त्याची’ असायची. गरम भाकरी कुस्करून तीत गूळ आणि तुपाचं किंवा करडईच्या तेलाचं बोट घातलं की मलिदा. हा शब्द फारसीतून आलाय, अर्थ चोळलेलं, कुस्करलेलं. पिराला चढवतात तोही मलिदा आणि रुसलेल्या लेकराला देतात तोही मलिदा. निजामी राज्यात आपण इतकी वर्षं राहिलो, त्याची ही एक गोड खूण.

मग मेथीचे मुटके, दह्यासोबत धपाटे, आजारातून उठलेल्याला ताकातल्या कण्या. थंडीत हुरडा. कोवळी कणसं आगटीत भाजून, हातावर चोळून, फुंकर मारून दाणे लेकराच्या ओंजळीत टाकायचे. परभणीच्या कृषी विद्यापीठानं खास हुरड्यासाठी ‘परभणी वसंत’ नावाचा वाण काढलाय, हे शहरातल्या किती जणांना माहीत आहे? आणि नागपंचमीच्या लाह्या. ज्वारीवर गरम पाणी शिंपडून ती रात्रभर झाकून ठेवायची, सकाळी सुकवायची, मग तापल्या कढईत मूठ-मूठ टाकून फडक्याच्या बोळ्यानं हलवायची. दाणा फुटून उडायला लागला की घरातली सगळी पोरं चुलीभोवती गोळा. लाह्या दळून केलेलं पीठ दुधात आणि गुळात कालवलं की दात न आलेल्यालाही चालतं. एवढ्यासाठी सांगतो की चार-पाच वर्षांखालच्या लेकराला अख्ख्या लाह्या, फुटाणे, अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, घशात अडकतात. दळून द्यावेत. जुन्या बायका पीठच द्यायच्या.

एक गोष्ट आणखी पाहा. बोरन्हाण. संक्रांतीनंतर पाच वर्षांच्या आतल्या लेकराला पाटावर बसवतात, हलव्याचे दागिने घालतात, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडकी ओततात. गल्लीतली पोरं ती वेचायला तुटून पडतात. जे लेकरू घरात वाटीतल्या घासाला तोंड उघडत नाही ते इथं जमिनीवरचा चुरमुरा उचलून तोंडात टाकतं, कारण शेजारचं पोर तो उचलणार असतं! बालमानसशास्त्र आज सांगतं की मुलं एकमेकांना पाहून खातात. आपल्याकडे त्याचा संस्कारच करून ठेवला होता.

पण थांबा. इथंच अशा भाषणांत एक गडबड होते. ‘आमच्या काळी काय खाऊ होता’ म्हणत सगळे सुस्कारे सोडतात आणि समोरच्या तरुण आईला अपराधी करून घरी पाठवतात. आम्हाला ते करायचं नाही. वर सांगितलेल्या एकेका पदार्थामागं हात मोजा. रात्री ज्वारी भिजवणारी एक, पहाटे जात्यावर बसणारी दुसरी, लेकराला कडेवर घेऊन चिऊ-काऊचे घास भरवणारी तिसरी. हे एका आईचं काम नव्हतं. आई बहुतेक वेळा रानात खुरपायला गेलेली असायची. खाऊ आजीच्या, आत्याच्या, थोरल्या बहिणीच्या हातचा. त्या थोरल्या बहिणीची शाळा त्यापायी सुटायची, हेही त्याच इतिहासात लिहायला पाहिजे. आणि हे सगळं ज्याच्या घरात ज्वारी आहे त्याचं. बलुत्यावर जगणाऱ्यांच्या, गावकुसाबाहेरच्या घरांत खाऊ म्हणजे खळ्यावरून मिळालेलं. तिथं ‘लेकरू खात नाही’ ही तक्रार फारशी उमटत नसणार. तिथली तक्रार ‘लेकराला द्यायला नाही’ ही होती.

१९७२ साली या दोन तक्रारी एकमेकींवर येऊन आदळल्या. योगायोग पाहा, त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याच वर्षी पावसानं दगा दिला. दुष्काळी कामं निघाली, बाया-माणसं खडी फोडायला गेली. अमेरिकेची लाल ज्वारी आली, तिला लोक मिलो म्हणत. तिची भाकरी लालसर, चिवट. आणि कामावर सुकडी वाटली जायची. आमच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, मिलोचं नाव काढलं की तोंड वाकडं होतं आणि सुकडीचं काढलं की डोळे लकाकतात. उपाशी पोरंसुद्धा मिलोला नाक मुरडत होती. म्हणजे चोखंदळपणा हा फक्त भरल्या पोटाचा चाळा आहे, हे म्हणणं काही टिकत नाही. भुकेल्या लेकरालाही चव असते. ती नाकारणं म्हणजे त्याला माणूस न मानणं, असं आम्ही समजतो.

सुकडीला मिळालेला हा मान पुढच्या पाकिटांना मिळाला नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि हळूहळू अंगणवाडी गावोगाव पोहोचली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत ताजं शिजवलेलं मिळतं. सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरासाठी मात्र घरी न्यायचा शिधा. महाराष्ट्रात बराच काळ तो शिरा, उपमा, सुकडी यांच्या तयार पाकिटांचा होता. पाकिटावर पोषणाचे आकडे होते, पण ते खाणाऱ्याला वाचता येत नव्हतं! पाकिटं गुरांच्या पुढ्यात गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. नाव तेच, सुकडी. फरक काय? १९७२ ला भूक होती, हे खरंच. पण ती सुकडी मैदानात, दहा पोरांत, हातावर मिळायची. पाकीट एकट्या घरात, घाईत, गरम पाण्यात कालवलं जायचं. ज्या वयात लेकरू सगळ्यात जास्त ‘नको’ म्हणतं, नेमक्या त्याच वयाला सरकारनं कोरडं पाकीट दिलं.

याच काळात ताटातली ज्वारी मागं हटत गेली. रेशनवर गहू-तांदूळ, रानात सोयाबीन. ज्वारी काढायला माणूस मिळेना, पाखरं राखायला मिळेना. लाह्यांच्या जागी बिस्कीट आलं. ग्लुकोज बिस्किटं पार्ल्याच्या कारखान्यात स्वातंत्र्याच्या आधीपासून होतात, पण खेड्यातल्या लेकराच्या रोजच्या सकाळी ती फार नंतर शिरली, आणि शिरली ती चहात बुडून. चहामुळं अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. शिवाय पोट भरल्यासारखं वाटतं, मग दुपारी लेकरू जेवत नाही, मग त्याला पाच रुपयांची पुडी. आणि मग आई डॉक्टरला सांगते, ‘काहीच खात नाही हो.’ खात असतं बिचारं. फक्त आपण ज्याला खाणं म्हणतो ते खात नाही.

इथं अमेरिकेतला एक प्रयोग आठवतो. १९२६ च्या सुमारास क्लारा डेव्हिस नावाच्या बाल-डॉक्टरनं नुकत्याच दूध सुटलेल्या बाळांपुढं साध्या पदार्थांचं ताट ठेवायला सुरुवात केली. एकंदर ३४ पदार्थ होते, मांस, धान्य, फळं, भाज्या, दूध. दाईनं आग्रह करायचा नाही, मूल बोट दाखवील तेच द्यायचं. मुलं विचित्र खायची, एखाद्या दिवशी नुसती अंडी, एखाद्या दिवशी नुसती केळी. पण महिन्यांचा हिशेब लावला तर ती धडधाकट वाढली. लोकांनी निष्कर्ष काढला की मुलाला शरीराचं शहाणपण उपजत असतं. डेव्हिसबाईंनी १९३९ साली स्वतःच बजावलं की खरी युक्ती ताटात काय ठेवलं त्यात होती. ताटात साखर-मैदा नव्हताच, तेव्हा चूक निवड करायला वावच नव्हता. आपल्या आज्या काय करत होत्या? ताटात ज्वारीच होती. निवड लेकराची, चानकी की मलिदा की लाही. ताट मात्र मोठ्यांचं. आज ताट किराणा दुकानाच्या दाराला लोंबकळतंय आणि निवडीचा दोष आपण लेकराला आणि त्याच्या आईला देतो.

आता एक चांगली गोष्ट. आपल्याच विद्यापीठानं हैदराबादजवळच्या इक्रिसॅटच्या सोबतीनं ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण २०१८ साली दिला. लोह आणि जस्त वाढवलेला देशातला हा पहिला ज्वारीचा वाण. किलोला साधारण ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त. नेहमीच्या वाणांत ३० आणि २० च्या आसपास असतं. परभणीचं नाव घेऊन हे धान्य देशभर गेलं, आणि परभणीचं लेकरू चहा-बिस्कीट खातंय. दाण्यात लोह घालायचं काम शास्त्रज्ञांनी केलं. दाण्यापासून लेकराच्या तोंडापर्यंतचं काम अजून कुणाच्याच नावावर नाही.

ते नावावर नाही म्हणजे काय, ते गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूरकडच्या लोकांना विचारा. दिवाळी झाली की ऊसतोडीला जोडपी निघतात. दोघं गेली की तान्हं सोबत पाचटात, आणि जरा मोठं झालेलं गावात म्हातारीजवळ. म्हातारीच्या हाताला आता कंप, आणि लाही फोडायला चुलीपुढं बसवत नाही. सोबत नेलेल्या लेकराला फडावर पहाटे चारला उठलेली आई काय करून घालणार?

म्हणून जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. लाह्यांचं पीठ कोरड्या डब्यात पंधरा-वीस दिवस सहज राहतं. त्यात भाजलेल्या शेंगदाण्याचं बारीक कूट आणि किसलेला गूळ घातला की शिजवायची गरज नाही. दूध असेल तर दुधात, नसेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवायचं. लेकराला ते बोटानं चाटूनही खाता येतं, आणि बोटानं चाटायला मिळालं की ते खातंच. हे एका घरानं करायचं नाही. गावातल्या बचत गटानं टोळ्या निघायच्या आधी, दिवाळीच्या आठवड्यात, वीस-पंचवीस घरांचं मिळून करायचं, मजुरी घेऊन करायचं. फुकट राबायला सांगायची नाही कुणाला. ज्वारी आहे, गिरण्या आहेत, बायकांना कृती ठाऊक आहे. समोर सरपंच बसलेत, अंगणवाडीच्या ताईही दिसतायत. भाषण संपल्यावर आम्ही इथंच थांबणार आहोत. कोणत्या गावानं यंदा कढई चढवायची आणि मजुरीचे पैसे कुठून काढायचे, तेवढं बोलून घेऊ.